सभागृहातली तसबीर

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना मागेपुढे झालेलं लिहिताना जरा नीट लावलं आहे, एवढंच.)



माझी ओळख करून देताना आत्ता ‘वस्त्रतज्ज्ञ’ असा भारदस्त शब्द वापरला गेला. मागच्या दोन रांगांमधून हसण्याचा आवाज आला, तो मी ऐकला. बरोबर आहे. तुम्हाला मी शिंप्याची मुलगी म्हणून माहीत आहे. शाळेच्या मागच्या फाटकासमोर बाबांचं दुकान होतं. तुमच्यातल्या निम्म्या मुलांच्या खाकी चड्ड्या आणि मुलींचे निळे स्कर्ट त्याच मशीनवर शिवले गेले. पाचवीत बाईंनी प्रत्येकाला ‘वडील काय करतात’ असं विचारलं, तेव्हा मी ‘व्यापार’ म्हणून सांगितलं होतं. ते आज एवढ्या वर्षांनी दुरुस्त करते. वडील शिंपी होते, आणि संग्रहालयाच्या वस्त्रविभागात मी सत्तावीस वर्षं जे काम केलं त्याचा पहिला धडा त्यांच्याकडूनच मिळाला.

बाबा ओट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्या माणसांकडे बघायचे आणि हळूच सांगायचे, “हा कोट ह्याचा नाही. थोरल्या भावाचा आहे.” मी विचारायची, कसं कळलं? ते म्हणायचे, “खांद्याची शिलाई बघ. खांद्यावर हवी ती दंडावर उतरलीय. पोट वाढतं, उंची वाढते, पण खांदा कुणाचा उसना घेता येत नाही.” हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आजचा माझा विषय आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. म्हणजे या भिंतीवर. मधोमध टांगलेली ही तसबीर. लाल पागोटं, काळा लांब कोट, भरघोस मिशा, हात गुडघ्यांवर. आपण तिला ‘संस्थापक’ म्हणत आलो. दर वर्धापनदिनी तिला हार घातला जातो. सहावीत असताना हार घालणाऱ्याला स्टूल धरून देण्याचा मान मला मिळाला होता आणि स्टूल हलल्याबद्दल ओरडाही खाल्ला होता.

या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर हीच तसबीर छापायची असं समितीने ठरवलं आणि खाली दोन ओळींचा मजकूर लिहायला मला सांगितलं. काम दोन ओळींचं होतं. त्याला पाच महिने लागले, आणि त्या दोन ओळी अजून लिहून झालेल्या नाहीत. का, ते सांगते.

आधी थोडं इतरांचं सांगते, म्हणजे आपली गोष्ट सोपी जाईल.

थॉमस हिकी नावाचा एक आयरिश चित्रकार होता. जन्म डब्लिनचा, १७४१चा. मृत्यू मद्रासला, १८२४ साली. त्याने १८०५च्या सुमारास म्हैसूरमध्ये तीन स्त्रियांचं एक मोठं तैलचित्र काढलं. तिघी सोन्याने मढलेल्या, अंगावर भारी वस्त्रं. नावं कुठेच लिहिलेली नाहीत. पुढे हे चित्र पाहणाऱ्यांनी काय ठरवलं असेल? या नर्तकी किंवा गणिका असाव्यात! कारण राजघराण्यातल्या बायका परक्या पुरुषासमोर चित्रासाठी उभ्या राहतील, हे कुणाला पटेना. बरीच वर्षं तीच ओळख चालली.

मग नायजेल चान्सलर या इतिहासकारांनी त्याकडे निराळ्या नजरेने पाहिलं. २००१ साली त्यांनी यावर लेख लिहिला. म्हैसूरचा इतिहास हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांचं म्हणणं असं, की हातांतले सोन्याचे हे जड अलंकार आणि डोक्यावरचे हे दागिने वाडियार घराण्याच्या राण्यांचे आहेत. दुसरी गोष्ट पदराची. उजवीकडच्या तरुण स्त्रीचा डावा दंड एरवी साडीखाली झाकलेला असता. चित्रात तो उघडा आहे, आणि ती त्याच दंडाकडे निर्देश करते आहे. चित्रकाराला दंड आवडला म्हणून तो उघडा नाही. तिथे काहीतरी दाखवायचं आहे.

काय दाखवायचं होतं? देवीची लस.

इथे एक पाऊल आपल्या मुंबईत टाकावं लागतं. जेन्नरने इंग्लंडमध्ये १७९६ साली गोस्तनाची लस टोचून पाहिली. ती लस व्हिएन्ना, बगदाद, बसरा असा प्रवास करत मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानात लस लागू झालेली ही पहिली व्यक्ती. तेव्हा बर्फाच्या पेट्या नव्हत्या. एकाच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्याच्या दंडावर टोचायची, अशी ती माणसामाणसांतून पुढे न्यावी लागे. ॲनाच्या दंडावरची लस मुंबईतल्या आणखी मुलांना दिली आणि तिथून ती दक्षिणेकडे गेली. कुणाच्या दंडातलं काय आपल्या दंडात येतंय हा प्रश्न सोवळंओवळं पाळणाऱ्या समाजात किती मोठा असेल, ते मी सांगायला नको. अशा वेळी राणीने लस टोचून घेतली आणि ती जागा दाखवत चित्रासाठी उभी राहिली, तर त्याचा अर्थ वेगळाच होतो.

चान्सलर यांच्या मते उजवीकडची ती तिसऱ्या कृष्णराज वाडियारांची धाकटी राणी देवाजम्मणी. १८०५ साली लग्न होऊन आली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि राजाही तेवढाच. डावीकडची थोरली राणी. तिचंही नाव देवाजम्मणीच. तिच्या नाकाखाली आणि तोंडाभोवती रंग जरा उतरलेला दिसतो, आणि ती खूण देवी काढण्याच्या जुन्या पद्धतीची असावी. त्या पद्धतीत देवीच्या खपल्यांची पूड नाकात फुंकत. मधली स्त्री राजाची आजी लक्ष्मी अम्मणी. म्हणजे दोन पद्धतींच्या खुणा एकाच चित्रात. शिवाय देवाजम्मणीने लस घेतल्याचा लोकांवर चांगला परिणाम झाला, अशी जुलै १८०६ची नोंद कागदपत्रांत आहे.

आता यातलं मर्म काय? दागिन्यांनी सांगितलं घराणं. पदराने सांगितलं कारण. पण नाव सांगितलं कागदाने. कपडे माणसाचा काळ सांगतात, मुलूख सांगतात, काम सांगतात, कधी ऐपत सांगतात. नाव सांगत नाहीत. नावासाठी दप्तरच उघडावं लागतं.

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतही असंच झालं. सोळाव्या शतकातल्या एका स्त्रीचं पूर्णाकृती चित्र तिथे लेडी जेन ग्रे म्हणून लावलेलं होतं. ही ती नऊ दिवसांची दुर्दैवी राणी. १९९६ साली सुझन जेम्स यांनी दाखवलं की तिच्या छातीवरचा मुकुटाच्या आकाराचा जडावाचा दागिना राणी कॅथरीन पारच्या दागिन्यांच्या यादीशी जुळतो. पाटी बदलली. तिथेही दागिना बोलला, पण यादी सापडली म्हणून.

आणि आपल्या घरचं उदाहरण तर तुम्हाला माहीतच आहे. एके काळी शिवाजी महाराजांचं म्हणून जे चित्र छापलं जाई ते इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचं होतं. वा. सी. बेंद्रे यांनी जुन्या कागदपत्रांचा माग काढला आणि १९३३ साली महाराजांचं अस्सल चित्र लोकांपुढे आणलं. आपल्या आजोबांच्या पिढीने दुसऱ्याच माणसाच्या चित्राला हार घातले होते. तेव्हा आपली शाळा या बाबतीत एकटी नाही.

हो, सावधगिरीचंही सांगायला हवं. मुघल काळातल्या चित्रांत जामा डाव्या बगलेखाली बांधला असेल तर माणूस हिंदू आणि उजव्या बगलेखाली असेल तर मुसलमान, असा एक ठोकताळा आम्ही वापरतो. उपयोगी आहे. पण छापताना चित्र उलटं छापलं गेलं की माणसाचा धर्म बदलतो! आणि उसन्या कपड्यांचं काय? आपल्या दहावीच्या हॉलतिकिटावरचे फोटो आठवा. बाजारातल्या फोटोवाल्याकडे एकच कोट आणि एकच निळा टाय होता. आपल्या वर्गातली बत्तीस मुलं त्याच कोटात आहेत. शंभर वर्षांनी एखादी वस्त्रतज्ज्ञ लिहील, ‘या गावात निळा टाय बांधणारी एक जमात राहत होती.’

तर आता आपली तसबीर.

मी ती उतरवून घेतली. पहिली गोष्ट म्हणजे पागोटं. आपले संस्थापक वकील होते, आणि ते पगडी घालत असत, असं शाळेच्या पहिल्या अहवालातच आहे. पगडी आणि पागोटं यांत आपण आता फरक करत नाही, पण तेव्हाचा माणूस ही गल्लत करणं शक्य नव्हतं. पगडी पगडीबंदाकडून डोक्याच्या मापाने बांधून, शिवून घ्यायची. टोपीसारखी घालायची आणि टोपीसारखी उतरवून ठेवायची. पागोटं म्हणजे लांब कापड, रोज आपल्या हाताने गुंडाळायचं. कुणी काय घालावं हे जात, पेशा आणि गाव यांवर ठरलेलं असे. विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या निरनिराळ्या लोकांची छायाचित्रं १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत छापली. त्यात डोक्याकडे बघितलं तरी माणूस कुठल्या समाजातला ते कळतं. चित्रातलं पागोटं हाताने बांधलेलं आहे. कानामागे एक पेड सैल सुटलेला चित्रकाराने प्रामाणिकपणे रंगवला आहे.

एवढ्यावर मी काही ठरवलं नाही. वकीलही हौसेने पागोटं बांधेल. दुसरी गोष्ट कोटाची. इथे बाबा आठवले. खांद्याची शिलाई दोन बोटं खाली दंडावर उतरली आहे. मुंढा ढगळ. बाही मनगट ओलांडून तळहातावर आलेली. वकिलाचा कोट मापाने बेतलेला असतो. हा कोट अंगासाठी बेतलेला नाही. कोट आधी होता, माणूस नंतर त्यात आला. असा कोट एकतर उसना असतो, नाहीतर कचेरीतून मिळालेला असतो.

तिसरी गोष्ट मला दिवसा दिसलीच नाही. रात्री हॉलमधले दिवे घालवून मी विजेरी आडवी धरली, अगदी चित्राला लागून. असा तिरपा उजेड टाकला की रंगाचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत एक तिरपी पट्टी उठून दिसली, आणि छातीवर एक गोल. मग अतिनील दिवा आणला. जुनं वॉर्निश त्या उजेडात हिरवट झळकतं आणि त्यावर नंतर लावलेला रंग काळपट दिसतो. सगळं चित्र हिरवट, आणि मधून ती पट्टी आणि तो गोल काळाकुट्ट. म्हणजे कोटाचा काळा रंग तिथे नंतर चढवलेला होता.

तुमच्यापैकी कचेरीत नोकरी केलेल्यांच्या लक्षात आलं असेल. तो पट्टा आणि पितळी बिल्ला. आपल्या तसबिरीतले गृहस्थ शाळेचे शिपाई आहेत.

(इथे सभागृहात बरीच चुळबुळ झाली. दोन मिनिटं थांबावं लागलं.)

ऐका तर. मी दप्तर काढायला लावलं. चित्राच्या मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने १९३४ लिहिलं आहे आणि दोन आद्याक्षरं आहेत. ती तेव्हाच्या चित्रकलेच्या शिक्षकांची. संस्थापक १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेले; शाळा काढून नऊ वर्षं झाली होती. फोटोवरून नंतरही चित्र काढता येतं, म्हणून याही गोष्टीने मी काही ठरवलं नसतं. पण १९५९च्या कीर्दीत, सुवर्णमहोत्सवाच्या खर्चात, एक ओळ सापडली: ‘संस्थापकांची तसबीर रंग देऊन दुरुस्त करणे व चौकट, रु. १४.’ चौदा रुपयांत एक माणूस दुसरा झाला.

कुणी वाईट हेतूने केलं असेल असं मला वाटत नाही. संस्थापक जाऊन एकेचाळीस वर्षं झाली होती, घरचे लोक तेव्हा इंदूरला होते, समारंभाला चित्र हवं होतं. अडगळीच्या खोलीत एक चांगलं तैलचित्र सापडलं. त्यावरचा पट्टा अडचणीचा होता, तो झाकला. म्हैसूरच्या राण्यांना नाव नव्हतं म्हणून पाहणाऱ्यांनी त्यांना नर्तकी केलं. आपल्या शिपायांना नाव नव्हतं म्हणून आपण त्यांना संस्थापक केलं. चित्राला नाव नसलं की पाहणारा आपल्या सोयीचं नाव देतो.

चित्रकलेच्या सरांनी शिपायांचं चित्र का काढलं असेल? माझा अंदाज साधा आहे. तासन् तास न हलता बसेल असं माणूस हवं होतं, आणि ‘बसा’ म्हटल्यावर शाळेत बसणारा तो एकच. पण नीट बघा, ते खुर्चीत बसलेले नाहीत. खुर्चीच्या कडेवर टेकलेत. आपल्या वेळचे शिपाईमामा आठवतात? रुळाच्या तुकड्यावर टोले द्यायचे, नोटिशीची वही घेऊन वर्गात यायचे आणि सर सही करेपर्यंत दारातच उभे राहायचे. त्यांना खुर्चीत बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही. त्यांचा खाकी कोट बाबा शिवायचे, आणि तोही मापाने नाही. संस्थेकडून ‘मोठा शिवा, पुढच्यालाही चालेल’ असा निरोप यायचा. हे मला त्या रात्री, विजेरी हातात धरून उभी असताना आठवलं. मग थोडा वेळ मी खुर्ची घेऊन चित्रासमोर नुसती बसले.

नाव काय त्यांचं? १९३४च्या पगारपत्रकात दोन शिपाई आहेत. एकाची मोडीत सही, एकाचा अंगठा. चित्रातले दोघांपैकी कोण, हे कपड्यांवरून कळणार नाही. पट्टा दोघांनाही तोच. दोन्ही नावं मला माहीत आहेत, पण ती आज मी मुद्दाम सांगत नाही. दोन्ही घरांचे लोक जवळपासच्या गावांत आहेत. आधी त्यांच्याकडे जाऊ, जुने फोटो बघू, त्यांना विचारू. चौसष्ट वर्षं आपण अंदाजाने पाटी लावली, आता आणखी एक अंदाज नको.

सगळ्यात कठीण काम पुढेच होतं. संस्थापकांचे पणतू आपल्या वर्गात होते, तिसऱ्या बाकावर. आज पहिल्या रांगेत बसलेत. त्यांच्या परवानगीने सांगते. मी त्यांना फोन केला. त्यांच्या घरी पणजोबांचा एकही फोटो नाही. लहानपणापासून त्यांनी हाच चेहरा पाहिला. आजी म्हणायची, नाक तुझं त्यांच्यावर गेलंय. मी सगळं सांगून संपवलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे आमचे पणजोबा दिसायचे कसे, हे आता कधीच कळणार नाही?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण एका माणसाला त्याची जागा परत देतो तेव्हा दुसऱ्याच्या घरातली भिंत रिकामी होते, याचा मी पाच महिन्यांत एकदाही विचार केला नव्हता.

आठ दिवसांनी ते माझ्याकडे आले. हातात एक लाकडी पेटी. माळ्यावर होती. आत मलमलीच्या फडक्यात पणजोबांची पगडी. लाल रंग उडून विटकरी झालाय, एका बाजूला कसर लागलीय, पण आकार शाबूत. मी हातमोजे घालून ती उलटी केली. आतल्या कपाळपट्टीवर घामाचा डाग आहे, उजवीकडे जास्त. म्हणजे ती किंचित उजवीकडे कलती घालत असावेत. आतला घेर मोजला: साडेएकवीस इंच. म्हणजे डोकं लहानखुरं. पणतवांचं साडेतेवीस; त्यांनी घालून बघायचा प्रयत्न केला, ती डोक्यावर नुसती तरंगली. आम्ही दोघंही हसलो. मग ते म्हणाले, “चेहरा नाही, पण डोकं तर मिळालं.”

पगडी मापाने करतात, म्हणून हे सांगता आलं.

आता समितीपुढे आम्ही दोघांनी मिळून ठेवलेली सूचना वाचून दाखवते. एक, तसबीर आहे तिथेच राहील. वरचा नंतरचा रंग जाणकाराकडून काढून घेतला जाईल. तोपर्यंत कुणीही तिला ओल्या फडक्याने पुसू नये, विशेषतः वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी. दोन, संस्थापकांची पगडी काचेच्या पेटीत शेजारी ठेवावी, थेट उन्हापासून लांब. तीन, पाटीवर सध्या लिहावं: ‘शाळेचे शिपाई, १९३४. नावाचा शोध चालू आहे.’

आणि हाराचं काय, असं मला कालपासून चार जणांनी विचारलं आहे. त्याचं उत्तर माझं नाही, पणतवांचं आहे. मी त्यांना तोच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, “हार काढू नका. इतकी वर्षं घातलाय, तो चालू द्या. पगडीला एक फूल वाहिलं तरी पुरे.”

मला वाटतं, ही शाळा काढणाऱ्या माणसालाही हे उत्तर आवडलं असतं.

स्टूल धरायला या वर्षीही मी तयार आहे. या वेळी हलणार नाही.